आधी जुन्या प्लेटा बघा

मोटरसायकलची क्लच प्लेट मागितली की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "गाडी कुठली?" दुसरा, "कंपनीची देऊ का लोकल?" एवढ्या दोन उत्तरांवर मागच्या रॅकवरून खोका निघतो, काउंटरवर येतो आणि व्यवहार संपतो. रोज कामावर जाणाऱ्या गाडीला तेवढं पुरतं. पण जी गाडी रविवारी सकाळी जोतिबाच्या डोंगराखालच्या दगडी चढणीला लावायची आहे, पावसाळ्यात तांबड्या चिखलातून काढायची आहे आणि गळीत हंगामात ट्रॅक्टरांनी उकरून ठेवलेल्या पाणंदीत घालायची आहे, तिच्यासाठी तिसरा प्रश्न विचारायलाच हवा. जुन्या प्लेटा कशानं गेल्या? हा प्रश्न काउंटरच्या अलीकडचे विचारत नाहीत आणि पलीकडचेही नाहीत. त्यामुळं चांगल्या गाड्यांत चुकीच्या प्लेटा पडताना मी पुष्कळदा बघते, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

माझी गाडी हिरोची इम्पल्स. २०११ साली ती आली. होंडाची ब्राझीलमध्ये खपणारी एनएक्सआर ब्रॉस नावाची गाडी होती, तिच्यावर ही बेतलेली. उंच सीट, लांब फोर्क, १४९.२ सीसीचं इंजिन, १३ अश्वशक्तीच्या आसपास ताकद. काही वर्षांतच ती बंद झाली. पुढं २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि पोरं तिकडं वळली. ट्रॅकवरची अस्सल डर्ट बाईक आणि इम्पल्स यांच्यात मोठं अंतर आहे, ते मला मान्य आहे. पण क्लच म्हणजे काय हे शिकायचं असेल तर कमी ताकदीच्या गाडीसारखा गुरू नाही. जास्त ताकदीची गाडी अॅक्सिलरेटरवर चढते. इम्पल्सला डाव्या हाताच्या दोन बोटांवर चढवावं लागतं.

पोहाळ्याच्या अंगानं वर जाणारी एक वाट आहे. जांभ्याचे सुटे दगड, पावसाच्या पाण्यानं पडलेले चर आणि मधेच गुडघ्याला येईल अशी दगडाची पायरी. तिथं पहिला गिअरसुद्धा जास्त पळतो. क्लच पूर्ण सोडला तर इंजिन गुदमरून बंद पडतं, पूर्ण दाबला तर गाडी मागं सरकते. मधल्या जागी लिव्हर धरायची, चाक घसरायला लागलं की नखभर ओढायची, पकड आली की नखभर सोडायची. लिव्हरच्या त्या अर्ध्या इंचात सगळी चढण असते. प्लेटा निवडताना मी या अर्ध्या इंचाचा विचार करते. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

त्या अर्ध्या इंचात आत काय घडतं ते एकदा डोळ्यांनी बघावं. उजव्या बाजूचं कव्हर काढलं की क्लचची बेल दिसते, ॲल्युमिनियमची, भोवती बोटं असलेली. तिच्यात प्लेटा बांगड्यांच्या चळतीसारख्या एकाआड एक बसवलेल्या असतात, एक लायनिंगची, म्हणजे घर्षणाचा थर चिकटवलेली, आणि एक पोलादी. पोलादी प्लेट दुकानात प्रेशर प्लेट म्हणूनच मागायची. लायनिंगच्या प्लेटांचे कान बेलच्या खाचांत अडकतात आणि बेल इंजिनबरोबर फिरते. पोलादी प्लेटांचे आतले दाते हबवर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, बसतात आणि हब गिअरबॉक्सला फिरवतो. स्प्रिंगा ही चळत दाबून धरतात. लिव्हर ओढली की दाब सुटतो. अर्धी सोडली की प्लेटा तेलात भिजलेल्या अवस्थेत एकमेकींवर घासत, एकमेकींना ओढत राहतात. इंजिनची जी ताकद त्या क्षणी चाकापर्यंत पोचत नाही, ती तिथंच उष्णता होऊन संपते.

लायनिंगची प्लेट नवी असताना साधारण ३ मिलिमीटर जाड असते. बऱ्याच गाड्यांत त्यातले तीन-चार दशांश मिलिमीटर गेले की ती बाद धरतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो बघावाच. झीज किरकोळ वाटते खरी. पण पाच प्लेटा ०.३ मिलिमीटरनं झिजल्या तर चळत दीड मिलिमीटरनं बुटकी होते आणि स्प्रिंगा तेवढ्या सैल पडतात. लायनिंग तर जातेच, तिला दाबणारा जोरही जातो. म्हणून क्लच महिनोन् महिने कुरकुरत राहतो आणि एखाद्या रविवारी भर चढणीवर एकदम हात वर करतो. इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही, आणि तेल जळाल्याचा तो कडवट वास येतो. एकदा घेतला की तो विसरत नाही.

माझे मेस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरातले. ऑइल इंजिनं बनवून ज्या वस्तीनं नाव कमावलं, तिथं आजही एका गल्लीत लेथ, पुढच्या गल्लीत पॅटर्नवाला, त्याच्या शेजारी वेल्डिंग असं सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. होंडाच्या वळणाच्या बऱ्याच लहान इंजिनांत चार खाचांचा एक नट सोडल्याशिवाय प्लेटा बाहेर येत नाहीत. अनेक ठिकाणी तो छिन्नी-हातोड्यानं ठोकून फिरवतात, खाचा झिजतात, आणि पुढच्या वेळी काम दुप्पट होतं. मेस्त्रींनी त्यासाठी जुन्या गोटी पान्याचं तोंड शेजारच्या लेथवर उतरवून, चार दात ठेवून स्वतःचा पाना करून घेतलाय. तो वापरून झाला की पुसून, तेल लावून कापडात गुंडाळून ठेवतात. अशा माणसाच्या हातात गाडी देताना मन निर्धास्त असतं.

प्लेटा काढल्या की ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरतात आणि निघाल्या त्या क्रमानं एकेक प्लेट मांडत जातात. क्रम मोडला तर चिडतात. मी नव्या सेटची चौकशी सुरू केली तेव्हा म्हणाले, "ताई, आधी ह्यास्नी बघा की. नव्या काय, दुकानात पडल्यात. ह्यांनी काय सोसलंय ते कळल्याबिगर नवीन घालून उपयोग न्हाई."

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीच्या खात्यात काम करते. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर गेज. त्यामुळं मेस्त्रींचं हे म्हणणं मला लगेच पटलं. आम्ही बसलो. प्रत्येक प्लेट चार ठिकाणी मोजली. जाडी अजून बाद व्हायच्या आत होती, म्हणजे नुसत्या आकड्यावर गेलं तर प्लेटा चालू होत्या. पण लायनिंगचा तोंडवळा बदलला होता. नव्या प्लेटेचा पृष्ठभाग मंद, थोडा खरखरीत असतो, बोट फिरवलं तर कागदासारखं लागतं. या काळ्या आणि चकचकीत झाल्या होत्या. नखानं ओरखडलं तरी रेघ उमटेना. तेल वाहून नेणाऱ्या खाचा काजळीनं बुजल्या होत्या.

पोलादी प्लेटा आणखी बोलक्या होत्या. दोन प्लेटांवर निळे डाग. पोलाद हवेत तापलं की २२०-२३० अंशांना त्यावर फिकट पिवळा रंग चढतो, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या घरात निळा. हीट ट्रीटमेंटवाल्यांना हे रंग पाठ असतात. क्लचच्या आत तेल असतं, तेव्हा हिशेब तंतोतंत लागणार नाही, पण निळं दिसलं की तिथं तेल टिकलं नाही आणि भट्टी पेटली होती एवढं नक्की समजावं. डाग गोलभर सारखा नव्हता, एका बाजूला होता. मेस्त्रींनी ती प्लेट जाड काचेवर ठेवली आणि कडेखालून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पात सरकवली. एका बाजूनं ०.३० ची पात सहज गेली. बहुतेक गाड्यांना यापेक्षा कमी वाक चालतो. प्लेट वाकली होती, त्यामुळं ती उंच जागीच टेकत होती, तिथंच तापत होती आणि तापून आणखी वाकत होती.

आता यातून काय घ्यायचं? लायनिंग सारखी झिजली असती आणि पोलाद स्वच्छ असतं, तर त्याच प्रकारच्या प्लेटा पुन्हा घालायच्या. त्यांनी आपलं आयुष्य सरळ जगून घेतलं. लायनिंग शाबूत आणि पोलादही शाबूत, तरी क्लच घसरतोय, तर प्लेटांना हात लावायचा नाही, तेल आणि केबल बघायची. लायनिंगचे तुकडेच सुटले असतील तर प्लेट मुळात हलकी होती किंवा ओढ्यात गाडी घातल्यावर तेलात पाणी शिरलं. आमच्या गाडीत लांबलचक हाफ क्लचची, म्हणजे लिव्हर अर्धी धरून ठेवण्याची, उष्णता होती. म्हणजे चढणीच्या मानानं पहिला गिअर उंच पडत होता. म्हणून प्लेटांच्या आधी मी मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र दोन दातांनी मोठं केलं, चेन तेवढी लांब घेतली. सपाट रस्त्यावरचा वेग थोडा गेला, त्याची मला फिकीर नाही. चढणीवर क्लच पूर्ण सुटायला लागला आणि अर्ध्या इंचावर रेंगाळण्याचा वेळ कमी झाला. हे न करता जगातली सर्वांत महाग प्लेट घातली असती तरी तीही निळीच पडली असती.

तेलाचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आपल्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच तेलात असतात. मोटारींच्या तेलात पेट्रोल वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं वाढायला लागली, ती मोटारीला चांगली. पण क्लचला घर्षणच तर हवं असतं. म्हणून जपानच्या जासो संस्थेनं १९९८ मध्ये दुचाकींसाठी वेगळं मानक काढलं. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं असेल तर ते तेल ओल्या क्लचला चालतं. एमबी लिहिलेलं तेल स्कूटरसाठी असतं, तिचा क्लच तेलात नसतो. घरात स्कूटर आणि गाडी दोन्ही असतील आणि एकाच डब्यातून दोघींत तेल पडत असेल तर बिचाऱ्या प्लेटांना दोष देऊ नये. टू-स्ट्रोकचं गणित निराळं. कोल्हापुरात आजही जपलेल्या आरएक्स १०० किती दिसतात! तिचं इंजिनचं तेल पेट्रोलबरोबर जळून जातं, क्लच आणि गिअरला वेगळं तेल असतं, आणि ते बदलायचं असतं याचा पुष्कळांना विसर पडतो.

मग प्लेट कुठली? लायनिंगचे ढोबळ प्रकार तीन. बुचाची, म्हणजे कॉर्कची, हा जुना आणि मऊ प्रकार. पोर्तुगाल-स्पेनकडच्या ओक झाडाची ही साल, दाबली की हळूच पकडते. दुसरी कागदी, म्हणजे तंतू आणि राळ दाबून केलेली. कंपन्यांच्या पुष्कळ गाड्यांत हीच येते. तिसरी अरामिडची, जिला सगळे केव्हलर म्हणतात. केव्हलरचा तंतू ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ मध्ये शोधला. उष्णता सोसण्यात तो वरचढ आहे आणि शर्यतीच्या गाड्यांत त्याच्या प्लेटा टिकतात, यात वादच नाही.

तरी माझ्या गाडीत मी त्या घातल्या नाहीत. जास्त टिकते ती चांगली, हा हिशेब प्लेटेला सरळ लागू होत नाही. माझं सगळं काम त्या अर्ध्या इंचात आहे. तिथं पकड हळूहळू, अंदाज देत यायला हवी. मऊ लायनिंग ते करते, आणि फारच छळलं तर स्वतः झिजते. झिजणं हे तिचं कामच आहे. लायनिंग स्वस्त, बेल तिच्याहून महाग. स्वस्त वस्तूनं महाग वस्तूसाठी झिजावं, ही त्यातली अक्कल आहे आणि मला ती फार आवडते.

आमच्यातल्या एका मित्राकडं कावासाकीची केएक्स २५०, ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी, आहे. रस्त्यावर चालवता येत नाही म्हणून तो ती टेम्पोत घालून ट्रॅकवर नेतो. त्याच्याकडं उलटं आहे. वळणातून बाहेर पडताना तो क्लच एका बोटानं झटकतो, आवाज चढवतो आणि सोडून देतो. अर्धा-पाऊण मिनिट रेंगाळणं त्याच्या खेळात नाही. त्याला धाडकन येणारी पकड आणि तापल्यावरही न बदलणारा हात हवा. त्यानं अरामिडच्या प्लेटा घातल्या त्या बरोबरच. २०२१ पासूनच्या या गाडीला केबलऐवजी हायड्रॉलिक क्लच आहे आणि चार-पाच स्प्रिंगांऐवजी एकच बशीसारखी चकती-स्प्रिंग. त्यामुळं आमच्या दोघांच्या गप्पांत निम्मे सल्ले एकमेकांच्या निरुपयोगी ठरतात. तिच्या प्लेटा बदलायला मात्र पाच-दहा मिनिटं लागतात. गाडी डाव्या अंगावर आडवी टेकवायची म्हणजे तेलसुद्धा काढावं लागत नाही, छोटं कव्हर खोलायचं, बोल्ट काढायचे, प्लेटा बाहेर. त्या एका गोष्टीचा मला हेवा वाटतो.

जाड स्प्रिंगांचं खूळ मला पटत नाही. प्लेटा घसरतात म्हणून दहा-पंधरा टक्के कडक स्प्रिंगा घालायच्या, हा सल्ला दर दुकानात फुकट मिळतो. चढणीवर तासभर दोन बोटांनी कडक लिव्हर खेळवून बघा. मनगट भरून येतं, बोटं बधिर होतात, आणि जिथं नखभर सोडायचं तिथं बोटभर सुटतं. माझा हात लहान आहे, मला ते लवकर जाणवतं. पण मोठ्या हातालाही ते जाणवल्याशिवाय राहत नाही. जुन्या स्प्रिंगांची लांबी मोजावी, बसल्या असतील तर सगळ्या एकदम बदलाव्यात, आणि कंपनीच्याच घ्याव्यात.

बंद पडलेल्या गाडीचे पार्ट मिळवणं हे स्वतंत्र काम आहे. उद्यमनगर ते शाहूपुरी हिंडलं की तीन तऱ्हेची उत्तरं मिळतात. एक, "येत न्हाई आता." दोन, "ह्याच इंजिनची दुसरी गाडी हाय, तिच्या घालूया, बसत्यात." तीन, "हे घ्या, ओरिजिनल." दुसऱ्या उत्तरात तथ्य असतं, कारण एका घराण्यातली इंजिनं अनेक नावांच्या गाड्यांत बसवलेली असतात. पण घराणं एक म्हणून प्लेट एक असं धरू नये. पार्ट नंबर जुळवावा. तो जुळत नसेल तर बाहेरचा व्यास, कानांची संख्या, कानाची रुंदी, जाडी आणि एकूण चळतीची उंची मोजावी. काही गाड्यांत एका प्लेटेचं आतलं भोक मोठं असतं आणि तिथं थरथर शोषणारी पातळ चकती बसते. ती वगळून सगळ्या सारख्याच प्लेटा घातल्या तर क्लच सोडताना गाडी धडधडते.

तिसऱ्या उत्तराची जास्त भीती. एका दुकानातून मला हुबेहूब खोक्यातला सेट मिळाला. छपाई सुरेख, होलोग्रामसुद्धा. व्हर्निअर लावला तर एकाच प्लेटेवर दोन बाजूंना ०.१५ मिलिमीटरचा फरक. कान बेलच्या खाचेत अडकत होते आणि लायनिंगच्या तुकड्यांच्या कडेला डिंक बाहेर आलेला. मी तो जागेवर परत केला. ज्यांच्याकडं व्हर्निअर नाही, त्यांनी सेटमधल्या प्लेटा एकावर एक ठेवून कडेनं डोळा लावावा, फटी दिसतात. शेवटी कंपनीच्या अधिकृत काउंटरवर नंबर देऊन मागवलेला सेट आला. वाट बघावी लागली. लायनिंगच्या सगळ्या, पोलादी सगळ्या, स्प्रिंगा आणि कव्हरचं पॅकिंग. निळी पडलेली पोलादी प्लेट तशीच ठेवून नुसती लायनिंग बदलणं म्हणजे नवी लायनिंग आठवड्यात चकचकीत करून घेणं.

बसवायच्या आदल्या संध्याकाळी लायनिंगच्या प्लेटा एका पसरट डब्यात, जे तेल गाडीत घालायचं त्याच तेलात बुडवून ठेवल्या. कोरडी प्लेट पहिल्याच हाफ क्लचला भाजून निघते. सकाळी त्या जड झाल्या होत्या, बोटांत धरल्या की कडेवरून तेल सावकाश गळत होतं. मेस्त्रींनी पोलादी प्लेटांच्या कडा अंगठ्यानं चाचपल्या. ठोकून कापलेल्या प्लेटेची एक कड गोल आणि एक धारदार असते. सगळ्यांची गोल कड एकाच अंगाला ठेवत त्यांनी चळत रचली. बोल्ट आलटून-पालटून, समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. केबलला लिव्हरच्या टोकाशी बोटभर ढिलाई ठेवली. नवी प्लेट जाड, म्हणून जुनं सेटिंग चालत नाही. ढिलाई नसेल तर क्लच सतत किंचित ओढलेला राहतो. पहिले काही दिवस मी डोंगराकडं गेले नाही, शिरोलीला ये-जा केली, मग तेल बदललं. निघालेल्या तेलात बारीक काळी पूड होती, ती अपेक्षितच.

आता पोहाळ्याच्या त्या पायरीवर लिव्हर कुठं पकडणार ते बोटांना आधी कळतं. एक काम राहिलंय. बेलच्या बोटांवर जुन्या प्लेटांच्या कानांनी खळगे पाडलेत. मेस्त्रींनी कानसीनं हलकेच सपाट केले, पण ॲल्युमिनियम आहे, किती घासणार? कान पुन्हा त्याच जागी आपटणार, खळगे खोल होणार आणि प्लेटा सरकताना अडखळणार. नवी बेल मिळेल तेव्हा घेऊन ठेवायची ठरवली आहे, गरज पडायच्या आधीच. पार्ट नंबर लिहून तीन दुकानांत दिलाय. कोणाकडं इम्पल्सची बोटं न खाल्लेली बेल असेल तर जरूर कळवा, मी व्हर्निअर घेऊन येते.